सेवेला किती मार्क?

आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणी दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बोर्डाची गुणवत्ता यादी यायची. पहिल्या आलेल्या मुलाला आई पेढा भरवते आहे असा फोटो, 'रोज किती तास अभ्यास करायचास?' हा ठरलेला प्रश्न आणि 'यशाचं श्रेय आईवडिलांना आणि गुरुजनांना' हे ठरलेलं उत्तर! त्या यादीत 'चौघांनी मिळून पहिला नंबर काढला' असं कधी वाचल्याचं आठवतंय का? मार्क एकट्याला मिळतात, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की सात समुद्र ओलांडून आलो तरी ते गेलं नाही. स्पेलिंग बी झाली, मॅथ काउंट्स झालं, एसएटी झाली, आणि आता आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुलं मेडिकलला आहेत किंवा रेसिडेन्सी करताहेत. आईवडिलांचा ऊर भरून येतो. यावा, त्यात गैर काही नाही.

गंमत अशी की जन्मभर एकट्याने मार्क मिळवलेल्या या मुलांना तिथे पोचल्यावर एका अशा गोष्टीचे मार्क मिळू लागतात जी एकट्याला करताच येत नाही. तिचं नाव टीमवर्क.

मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट आहे. इथे मास्टर्स करायला आले आणि राहिले, तुमच्यातल्या बऱ्याच जणांसारखीच. मेडिकलशी माझा संबंध खरं तर मुलांच्या व्हॅक्सिनेशनच्या कार्डापुरता. पण गेल्या काही वर्षांत एका टीचिंग हॉस्पिटलचं काम माझ्याकडे आलं. शिकाऊ डॉक्टरांचं मूल्यमापन ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरलं जातं त्याची मांडणी करायची. कोणत्या चौकटीत काय भरायचं, कोणती चौकट सक्तीची, कोणाला लॉगिन द्यायचं, रिपोर्ट कोणाला दिसायचा, असं सगळं. काम तसं रुक्ष. पण त्यातल्या एका विभागापाशी, म्हणजे वृद्ध रुग्णांच्या वॉर्डमध्ये महिनाभर काम केलेल्या रेसिडेंटचं 'टीममधलं वागणं' एक ते पाच आकड्यांत नोंदवण्याच्या विभागापाशी, आमच्या मीटिंगा अशा अडायच्या की मला वाटायचं हे सॉफ्टवेअरचं काम नाहीच, हा नीतिशास्त्राचा तास आहे. त्यातले काही प्रश्न तुमच्यापुढे मांडते.

आधी एक साधी गोष्ट. टीमवर्कचा एवढा बाऊ म्हाताऱ्या माणसांच्याच बाबतीत का? पंचविशीतल्या मुलाला अपेंडिक्स झालं तर एक चांगला सर्जन बराचसा पुरतो. पण ऐंशीच्या घरातल्या आजोबांना एक आजार नसतो. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, प्रोस्टेट, थोडं कमी ऐकू येणं, आणि या प्रत्येकाची एक-दोन औषधं, जी एकमेकांशी भांडतात. आजोबा न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट होतात. न्यूमोनिया बरा होतो, पण आठ दिवस पलंगावर पडून पायातली ताकद जाते, रात्री झोपेसाठी दिलेल्या गोळीने भ्रम होतो, उठताना पडतात, आणि चालत आलेला माणूस व्हीलचेअरवरून नर्सिंग होममध्ये जातो. यात कोणाचं काय चुकलं? न्यूमोनियावाल्याचं तर काहीच नाही!

हे पहिल्यांदा ज्यांनी नीट पाहिलं त्यांतली एक बाई होती, डॉ. मार्जोरी वॉरन. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात १९३५ साली शेजारच्या गरीबखान्याच्या इस्पितळातले ७१४ रुग्ण तिच्या पदरात पडले. बहुतेक वृद्ध, 'असाध्य' असा शिक्का मारून वर्षानुवर्षं पलंगावर ठेवलेले. तिने एकेकाला तपासलं, वेगळं केलं, उठवलं, चालवलं, आणि नर्स, व्यायाम शिकवणारे, समाजसेवक अशा सगळ्यांना एकत्र घेऊन काम केलं. त्यांतले बरेच जण चक्क घरी गेले. ज्याला आज जेरिअ‍ॅट्रिक्स म्हणतात त्याचा पाया असा घातला गेला, नवीन औषधाने नाही, दहा जणांनी एकाच माणसाकडे एकत्र बघण्याने. पुढे १९८४ साली लॉस एंजेलिसजवळच्या सेपुल्वेडा व्हीए हॉस्पिटलातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अशा टीमच्या विभागात ठेवलेल्या वृद्धांपैकी वर्षभरात २३.८ टक्के दगावले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ४८.३ टक्के. आकडा थक्क करणारा आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर रुग्ण थोडे होते. पुढे २००२ मध्ये अकरा व्हीए हॉस्पिटलांतल्या १,३८८ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला तेव्हा जगण्या-मरण्यात फरक दिसला नाही. मात्र हॉस्पिटलातल्या टीममुळे रुग्णांची स्वतःचं स्वतः करण्याची ताकद कमी घसरली. मला विचाराल तर सत्तरीनंतर हेच मोठं आहे. आपल्या आज्या देवाजवळ काय मागायच्या? 'हातीपायी धड असताना ने रे बाबा.' किती वर्षं ते त्या मागत नसत.

म्हणजे टीम लागते, यावर वाद नाही. वाद पुढचा आहे. शिकाऊ डॉक्टरला ते जमतं की नाही, हे ठरवायचं कसं आणि ठरवायचं कोणी?

अमेरिकेत रेसिडेन्सीवर देखरेख करणाऱ्या एसीजीएमई या संस्थेने १९९९ मध्ये सहा क्षमता ठरवल्या. वैद्यकीय ज्ञान त्यांतली फक्त एक. बाकीच्यांत संवाद, व्यावसायिक सचोटी, यंत्रणेत राहून काम करणं अशी मंडळी आहेत. त्याच वर्षी 'टू अर इज ह्यूमन' हा गाजलेला अहवाल आला होता. हॉस्पिटलातल्या चुकांमुळे या देशात दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसं दगावतात असा त्याचा अंदाज होता, आणि बऱ्याच चुका एकाच्या अज्ञानातून घडत नाहीत, दोघांच्या मधल्या फटीतून घडतात, असं त्याचं म्हणणं. आयटीतल्या लोकांना हे सांगायला नको. रात्री दहाला पुण्याच्या टीमशी कॉल करून 'मला वाटलं तुम्ही डिप्लॉय केलंत' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो आपला नव्हेच! २००३ मध्ये रेसिडेंटांच्या कामाला आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आली, त्यामुळे रुग्ण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणं आणखी वाढलं. नऊ हॉस्पिटलांत रुग्णाची माहिती सोपवायची एक ठरावीक पद्धत शिकवली, तर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, असं २०१४ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे टीमवर्क हा निव्वळ स्वभावाचा भाग नाही, काही अंशी तरी शिकवता येतं. आणि जे शिकवता येतं त्याची परीक्षा घ्यायला हवी, हे ओघानेच आलं.

परीक्षा कशी? स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये एक युक्ती काढली. विद्यार्थी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतो, प्रत्येक खोलीत एक काम, ठरलेला वेळ, ठरलेली यादी, परीक्षक खुणा करतो. हिला ऑस्की म्हणतात आणि ती जगभर चालते. अमेरिकेतही २००४ पासून डॉक्टरकीच्या लायसन्ससाठी अशी एक दिवसाची परीक्षा होती, रुग्णाचं सोंग घेतलेल्या बारा माणसांना तपासायची. आपल्याकडून एमबीबीएस करून आलेल्या कित्येकांनी त्यासाठी विमानाची तिकिटं काढून वाऱ्या केल्या. कोविडमुळे मार्च २०२० मध्ये ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. त्या परीक्षेतही खोलीत डॉक्टर आणि रुग्ण दोघेच असत. नर्स नाही, फार्मसिस्ट नाही, चिंतेत पडलेली मुलगी नाही. टीम नाहीच.

जॉर्ज मिलर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये क्षमतेचा एक पिरॅमिड मांडला होता. तळाशी 'माहीत आहे', मग 'कसं करायचं ते माहीत आहे', मग 'करून दाखवतो', आणि टोकाला 'रोज करतो'. परीक्षेच्या खोलीत तिसऱ्या पायरीपर्यंत जाता येतं. चौथी पायरी पहाटे तीन वाजता वॉर्डमध्ये असते आणि तिथे परीक्षक नसतो. म्हणून मग आमच्यासारखी सॉफ्टवेअरं. रोज बरोबर काम करणाऱ्यांनी महिन्याच्या शेवटी फॉर्म भरायचे.

पहिला प्रश्न मला इथे पडला. कोणी बघतंय म्हणून चांगलं वागणाऱ्याला चांगलं म्हणायचं का? मीटिंगमधल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचं मत होतं की फॉर्म असला की मुलं फॉर्मपुरती वागतात. नर्सला हसून 'थँक यू' म्हणतात आणि पाठ वळली की तिचं ऐकत नाहीत. खरं असेल. पण मी थोडा वेगळा विचार करते. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं होतं की न्यायाची कामं करत करतच माणूस न्यायी होतो. आपण त्याला संस्कार म्हणतो. पाहुण्यांसमोर 'शुभं करोति' म्हणायला लावलेल्या मुलाला सुरुवातीला भक्ती वगैरे काही नसते, शाबासकी हवी असते. काहींची ती शाबासकीपाशीच थांबते, काहींच्या ती आत जाते. आणि पलंगावरच्या आजींच्या दृष्टीने पाहिलं तर त्यांना पाणी मिळालं हे महत्त्वाचं. ते भूतदयेने मिळालं की पाच मार्कांसाठी, हा चिकित्सेचा विषय त्यांच्यासाठी नंतरचा. मला मूल्यमापनाचा राग येत नाही तो एवढ्यासाठी.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो मला मीटिंगमध्ये समजला नाही, घरी समजला.

२०२५ मध्ये माझे सासरे, आमचे अण्णा, बाथरूममध्ये पडले. वय ८३. खुब्याचं हाड मोडलं. ते इथे आमच्याकडेच असतात, ग्रीन कार्डावर. हॉस्पिटल चांगलं, नावाजलेलं, मी जिथे काम करते ते नव्हे. मंगळवारी रात्री सांगितलं, उद्या सकाळी ऑपरेशन, बारानंतर पोटात काही नको. बुधवारी सकाळी हृदयाच्या डॉक्टरांना इको हवा होता, म्हणून ऑपरेशन दुपारवर. दुपारी एक मोठा अपघात आला, थिएटर अडकलं. संध्याकाळी सर्जनच्या टीमला वाटलं की जेवणाची ऑर्डर मेडिसिनची टीम देईल. मेडिसिनवाल्यांना वाटलं, रात्री उशिरा थिएटर मिळालं तर? हृदयवाल्यांचा जेवणाशी संबंध नाही. नर्सची ड्यूटी बदलली, नव्या नर्सला पडद्यावर 'उपाशी ठेवा' हेच दिसत होतं. आम्ही दर दोन तासांनी विचारत होतो आणि प्रत्येक जण हसतमुखाने 'मी बघते' म्हणत होता. गुरुवारी दुपारपर्यंत या माणसाच्या पोटात एक पेला सफरचंदाचा रस गेला होता. सलाइन चालू होतं, तेवढंच. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी ही म्हण आपल्याला माहीत आहे. इथे तीन घरं होती! आणि पाहुणाही आपल्याकडचाच. भूक लागली का विचारलं की 'नको नको, तुम्ही धावपळ करू नका, मी मजेत आहे' असं सांगणारा.

बुधवारी रात्री अण्णा बरळायला लागले. दादर स्टेशनवर उभे आहेत, अंबरनाथ लोकल चुकली, ऑफिसला फोन करा, असं. 'साठी बुद्धी नाठी' म्हणायची आपल्याकडे सोय आहे, तशी इथेही आहे. कागदावर कोणीतरी 'डिमेन्शिया' लिहूनही टाकलं होतं. तेव्हा एक रेसिडेंट आली, पंचविशी-तिशीतली, डोळ्यांखाली काळं. तिने अण्णांना काही विचारायच्या आधी आम्हाला विचारलं, 'हे घरी असेच असतात का?' माझे मिस्टर म्हणाले, 'परवापर्यंत रोज सुडोकू सोडवत होते.' तिने तो शब्द खोडायला लावला. असा अचानक आलेला भ्रम म्हणजे डिलिरियम. तो ओळखायची साधी पद्धत १९९० पासून आहे आणि तिची पहिली पायरीच ही, की बदल अचानक आला का, हे घरच्यांना विचारा. मग ती बाहेर गेली आणि रात्रपाळीच्या नर्सिंग असिस्टंटला घेऊन आली. ही बाई अंथरूण बदलायची, कूस पालटायची, बेडपॅन द्यायची. तिने सांगितलं की यांचं ऐकायचं यंत्र खणात आहे, कोणी लावलेलंच नाही. ते लावल्यावर अण्णा निम्मे तरी ताळ्यावर आले. रेसिडेंटने गुरुवारी सकाळी तिन्ही टीमना एकाच फोनवर घेतलं, ऑपरेशन शुक्रवारी पहाटे नक्की असं वदवून घेतलं, आणि अण्णांना टोस्ट व सूप मिळालं.

येल विद्यापीठात शॅरन इनूये यांनी ८५२ वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये आला होता. चष्मा लावा, कानाचं यंत्र लावा, पाणी द्या, उठवून चालवा, रात्री झोपू द्या, दिवस-वार सांगत राहा, एवढ्या घरगुती गोष्टी नेमाने केल्या तर डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. मी तो नंतर वाचला आणि त्या खणातल्या यंत्राची आठवण झाली.

आता विचार करा, त्या दोन दिवसांचं मूल्यमापन करायचं झालं तर? एकेकाला वेगळं काढून पाहिलं तर कोणीही वाईट वागलं नव्हतं. सर्जनचा हात कसलेला, हृदयवाल्याची काळजी रास्त, नर्सने लिहिलेली ऑर्डर पाळली. प्रत्येकाला पाचपैकी पाच! आणि बेरीज किती, तर ८३ वर्षांचा माणूस दीड दिवस उपाशी. डेनिस थॉम्पसन या राजकीय तत्त्वज्ञाने १९८० मध्ये सरकारी कारभाराबद्दल लिहिताना याला 'अनेक हातांचा प्रश्न' म्हटलं होतं. निर्णयाला इतके हात लागलेले असतात की दोष कोणाच्याच हाताला चिकटत नाही. मग टीमचं काम मोजताना आपण एकेका हाताला मार्क देतो, हा हिशोबच मुळात चुकीचा नाही का? माझं मत असं की टीमला टीम म्हणूनच मार्क द्यावेत, आणि एकट्या रेसिडेंटबद्दल विचारायचं तर गुळगुळीत विशेषण विचारू नये, घडलेली कृती विचारावी. 'सहकार्याची वृत्ती : १ ते ५' या चौकटीला मी फार वैतागले आहे. त्याऐवजी 'औषध बदलण्याआधी याने नर्सला किंवा घरच्यांना काही विचारलं का? काय विचारलं, एका ओळीत लिहा.' ती एक ओळ वाचून जे कळतं ते चार या आकड्यातून कधी कळत नाही. आकडे बेरजेला बरे, एवढंच.

विशेषणाच्या मार्कांत आणखी एक खोच आहे. 'सगळ्यांशी जुळवून घेणारा' याला पाच मिळतात आणि 'थांबा, हे बरोबर नाही' म्हणणाऱ्याला तीन. वरच्या प्रसंगात तिन्ही टीमना फोनवर अडवणारी ती मुलगी कोणाकोणाला आगाऊ वाटली असेल, सांगता येत नाही. आपल्या मंडळाच्या कमिटीतच बघा ना. हिशोब विचारणारा सभासद कोणाला आवडतो? आणि गणपतीचा कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या हॉलमधल्या खुर्च्या उचलून ठेवणारे ते तीन-चार जण, त्यांचं नाव आभारप्रदर्शनात कितीदा येतं? (यंदाच्या कमिटीने राग मानू नये, मीही त्या कमिटीत होते.)

इथे आपल्याकडून आलेल्या डॉक्टरांचा विषय निघतोच. या देशातल्या डॉक्टरांपैकी सुमारे चौथा हिस्सा बाहेर शिकून आलेला आहे, त्यांत भारतीय पुष्कळ. ज्यांनी सरकारी मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात राउंडला सरांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून उभं राहण्यात पाच वर्षं काढली, त्यांना इथे पहिल्याच आठवड्यात 'तुला काय वाटतं?' असं विचारलं की घसा कोरडा पडतो. गप्प राहणं त्यांच्या लेखी आदर असतो, फॉर्मवर तो 'पुढाकार नाही' असा उतरतो. एक गुण चांगला दिसला की बाकीचेही चांगलेच वाटतात, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं होतं. इंग्रजीचा हेल आवडला नाही की त्याच्या उलटही होत असणार. त्यावर उपाय म्हणून परीक्षक अनेक ठेवतात, डॉक्टरांबरोबर नर्स, फार्मसिस्ट, सोशल वर्कर. चांगलं आहे. भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद असा विषय रीतसर आला आहे, त्यामुळे पुढच्या पिढीचा घसा कदाचित इतका कोरडा पडणार नाही.

पण अनेक परीक्षक म्हणजे कोण कोण, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात कळीचा प्रश्न. आमच्या प्रणालीत नर्सिंग असिस्टंटना लॉगिन नव्हतं. मी विचारलं, का? उत्तर मिळालं, दर माणशी लायसन्सचे पैसे पडतात आणि त्या 'क्लिनिकल निर्णयात नसतात'. कानाचं यंत्र खणात आहे हे जिला ठाऊक होतं, ती निर्णयात नसते! मी लेखी आग्रह धरला, तेव्हा वृद्धांच्या वॉर्डापुरती सहा महिने कागदी कार्डं ठेवायची असं ठरलं. कार्डावर एकच प्रश्न, 'या डॉक्टरने तुम्हाला रुग्णाबद्दल काही विचारलं का?' पहिल्या महिन्यात आलेल्या कार्डांपैकी बरीच कोरी होती. सही करायची भीती वाटत असेल, किंवा वेळ नसेल, किंवा आपल्याला कोणी खरंच विचारतंय यावर विश्वास नसेल. मी सही काढून टाकायला सांगितलं आहे.

आणि त्याहीपुढे, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो रुग्ण? तरुण रुग्ण तक्रार करतो, पत्र लिहितो. भ्रमात असलेला, ऐकू न येणारा, भाषा न येणारा म्हातारा माणूस साक्ष कुठे देणार? म्हणजे जिथे टीमवर्कची गरज सगळ्यात जास्त, तिथेच साक्षीदार सगळ्यात दुबळा. नीतीचा प्रश्न मला इथे टोकदार होतो. जो तुम्हाला कधीच मार्क देऊ शकणार नाही त्याच्याशी तुम्ही कसे वागता, हे मोजायला साधन नाही, आणि ते मोजलं जात नाही म्हणून ते सुटतं.

थोडी फट मात्र अलीकडे उघडली आहे. हॉस्पिटलातून घरी आलेल्या रुग्णांपैकी काही जणांना मेडिकेअरच्या नियमानुसार एक प्रश्नावली येते. एचकॅप्स तिचं नाव, २००६ पासून चालू आहे. ती हॉस्पिटलाचं मोजते, एकेका शिकाऊ डॉक्टरचं नाही. पण जानेवारी २०२५ पासून तिच्यात दोन बदल झाले. डॉक्टर, नर्स आणि इतर मंडळी एकमेकांशी नीट मिळून काम करत होती का, हा प्रश्न आला. आणि रुग्णाला जमत नसेल तर त्याच्या वतीने घरच्यांनी उत्तर दिलेलं चालू लागलं, आधी ते चालत नसे. इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी, रशियन, व्हिएतनामी अशा काही भाषांत ती मिळते. मराठीत नाही, त्यामुळे आपल्या घरांत हे काम मुलाचं किंवा सुनेचं.

अण्णांना ती आली. ते आता वॉकर घेऊन चालतात आणि सुडोकूही पुन्हा सुरू आहे. त्यांना जमत नसेल असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी शेजारी बसून एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवला. मिळून काम करण्याच्या प्रश्नाला चार पर्याय होते, कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी.

'नेहमी लिही,' अण्णा म्हणाले. 'किती केलं गं सगळ्यांनी.'

'आणि अण्णा, दीड दिवस उपाशी ठेवलं ते?'

'त्या दिवशी एकादशी होती असं समज. अगं, ती काळी डोळ्यांची पोरगी, तिच्या नोकरीला बाध येईल. नेहमीच लिही.'

मी त्यांना समजावलं की यात कोणाचं नाव नसतं, नोकरी जात नाही, उलट खरं लिहिलं तर पुढच्या माणसाला वेळेवर जेवण मिळेल. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, 'पुढच्याला मिळणार असेल तर "बहुतेक वेळा" लिही. त्याच्या खाली नको.'

उत्तर त्यांचं होतं, म्हणून मी तेच लिहिलं. माझं असतं तर मी एक घर खाली उतरले असते.